नवीन चिकित्सालय आणि समोरचा रस्ता : वाहतूक-परिणामाचे मूल्यमापन

नवीन चिकित्सालय उभारताना आपण बऱ्याच गोष्टींचा बारकाईने विचार करतो. पाण्याची सोय, प्रकाश, वारा, पंचकर्मासाठी स्वतंत्र खोल्या, द्रोणीची जागा, औषधी भांडार, रुग्णांची बैठक व्यवस्था या सर्वांची चर्चा वास्तुविशारदाशी अनेकदा होते. समोरच्या रस्त्याचा विचार मात्र 'गाडी दारापर्यंत येते ना' या एका प्रश्नावर संपतो. आपल्या दारापर्यंत गाडी आल्यानंतर इतरांच्या दारापर्यंत ती जाऊ शकते किंवा नाही, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखकानेही तो विचारला नव्हता, आणि तो विचारावा लागला याचे कारण प्रथम सांगणे उचित ठरेल.

२०१४ साली मी माझे चिकित्सालय भाड्याच्या दोन खोल्यांतून स्वतःच्या वास्तूत हलविले. गल्ली सात मीटर रुंदीची, वस्ती शांत, भाव परवडणारा. रुग्णसंख्या वाढली, सुवर्णप्राशनाचा उपक्रमही चांगला रुजला. २०१६ मधील एका पुष्य नक्षत्राच्या दिवशी सायंकाळी दोनशेच्या आसपास बालके आली होती आणि पालकांची वाहने गल्लीच्या दोन्ही कडांना उभी होती. त्याच वेळी गल्लीच्या टोकाशी राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांच्या डाव्या अंगाची शक्ती अकस्मात गेली. त्यांना रुग्णालयात नेणारी रिक्षा माझ्या दारासमोर वीस मिनिटे अडकून पडली. पक्षाघातात रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविण्याचे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ही सोय असलेले रुग्णालय आमच्या गावापासून दोन तासांच्या अंतरावर आहे. गृहस्थ वाचले, हातात दुर्बलता राहिली. ती त्या वीस मिनिटांमुळेच राहिली असे कोणीही वैद्य म्हणणार नाही, आणि राहिली नाही असेही म्हणू शकणार नाही. त्यांचा मुलगा नंतर मला एवढेच म्हणाला, "डॉक्टर, गाड्या तुमच्याच पेशंटच्या होत्या."

त्या वाक्यानंतर मी रस्ते-वाहतुकीच्या शास्त्राची प्राथमिक ओळख करून घेतली. ते शास्त्र आपल्याला वाटते तितके परके नाही. वीस खाटांचे पंचकर्म केंद्र, लहान रुग्णालय किंवा मोठे औषधी दुकान काढू इच्छिणाऱ्या व्यवसायबंधूंना कागद, पेन्सिल आणि चार दिवसांचे श्रम एवढ्या सामग्रीवर हे मूल्यमापन कसे करता येईल, याचे विवेचन पुढे केले आहे.

शास्त्राची आणि कायद्याची अपेक्षा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्यायात वमन-विरेचनापूर्वी कोणती वास्तू सिद्ध करावी याचे वर्णन आले आहे. वास्तू दृढ असावी, तिच्यात सुखाने वावरता यावे, धूर, ऊन, पाणी व धूळ यांचा उपद्रव नसावा, अप्रिय शब्द व गंध तेथे पोहोचू नयेत, अशी ती अपेक्षा आहे. आजच्या शहरात धूर, धूळ आणि अप्रिय शब्द हे तिन्ही मुख्यतः रस्त्यावरूनच येतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रुग्णालयाभोवतीचे किमान १०० मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र ठरविण्याची तरतूद आहे, आणि तेथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. ज्या रुग्णालयासमोर त्याच्याच रुग्णांची वाहने अडकून भोंगे वाजवितात, त्याने अशा फलकाचा आधार कोणत्या तोंडाने घ्यावा?

कायद्याच्या बाजूने पाहता, १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर व त्याहून अधिक क्षेत्राच्या बांधकाम प्रकल्पांना पर्यावरणीय पूर्वपरवानगी घ्यावी लागते, आणि त्या प्रक्रियेत वाहतुकीवरील परिणामाची माहिती मागितली जाते. आपली बहुतेक चिकित्सालये या आकड्याच्या कितीतरी खाली असतात. बृहन्मुंबई व आणखी काही क्षेत्रे वगळता राज्यात लागू झालेल्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वाहनतळाची किमान जागा ठरवून दिलेली आहे. परंतु नियमाप्रमाणे जागा सोडणे आणि आपल्यामुळे रस्त्याचे काय होईल हे पाहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली नकाशा मंजूर करून घेण्यासाठी करावी लागते. लहान चिकित्सालयाला दुसरी कोणी विचारतही नाही. म्हणून ती आपण स्वतःहून करावी.

पहिली पायरी : रस्त्याची परीक्षा

नियोजित जागेच्या दोन्ही बाजूंना पुढच्या मोठ्या चौकापर्यंत चालत जावे. रस्त्याची कागदावरील रुंदी आणि वापरात येणारी रुंदी निरनिराळी असते. म्हणून टेपने प्रत्यक्ष मोजावे. विजेचा खांब, रोहित्र, भाजीची हातगाडी, उघडे गटार, कायम उभी असलेली वाहने यांची नोंद करावी. शाळा, मंगल कार्यालय, देऊळ, बँक कोठे आहे आणि आठवडे बाजार कोणत्या वारी भरतो हेही लिहावे. गल्ली पुढे बंद आहे की आरपार जाते, हा मुद्दा विशेष महत्त्वाचा. बंद गल्लीत आपल्यापुढील घरांना दुसरा मार्गच नसतो.

दुसरी पायरी : सध्याच्या वाहनांची गणना

गणना साध्या कामाच्या दिवशी करावी. सुट्टीचा दिवस निवडून आकडा कमी दाखविणे सोपे आहे, पण त्यात फसवणूक आपलीच होते. मंगळवार ते गुरुवार यांपैकी एक दिवस आणि बाजाराचा एक दिवस घ्यावा. सकाळी ८ ते ११ व सायंकाळी ५ ते ८ या वेळांत दर १५ मिनिटांचा वेगळा रकाना करून प्रत्येक प्रकारच्या वाहनापुढे रेघा ओढाव्यात. लागोपाठच्या चार रकान्यांची बेरीज जेथे सर्वाधिक येते, तो तास हा त्या रस्त्याचा गर्दीचा तास होय.

सायकल आणि बस यांना एकाच मापाने मोजता येत नाही. त्यासाठी 'पॅसेंजर कार युनिट' हे एकक वापरले जाते. आपण त्यास कार-एकक म्हणू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०६ क्रमांकाच्या, १९९० सालच्या मार्गदर्शिकेत शहरी रस्त्यांसाठी ही एकके दिली आहेत. वाहनाचा एकूण वाहतुकीतील वाटा ५ टक्क्यांच्या आसपास असेल तर पहिला आकडा आणि १० टक्के वा अधिक असेल तर दुसरा आकडा घ्यावयाचा असतो.

दुचाकी : ०.५ व ०.७५
कार : १ व १
रिक्षा : १.२ व २
लहान मालवाहू वाहन : १.४ व २
बस वा ट्रक : २.२ व ३.७
सायकल : ०.४ व ०.५

२०१७ च्या 'इंडो-एचसीएम' या भारतीय ग्रंथात याहून सूक्ष्म पद्धती आहेत. आपल्या कामापुरती जुनी सारणी पुरेशी आहे.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, दुपदरी, दुतर्फा वाहतुकीच्या रस्त्यावर सकाळी १० ते ११ या तासात ४२० दुचाकी, ६० रिक्षा, ११० कार, २० टेम्पो, ८ बस-ट्रक व ३० सायकली गेल्या. वाहने एकूण ६४८. दुचाकींचा वाटा ६५ टक्के म्हणून गुणक ०.७५ आणि त्यांची एकके ३१५. रिक्षांचा वाटा १० टक्क्यांच्या जवळ म्हणून सावधगिरीने गुणक २ आणि एकके १२०. कारची ११०, टेम्पोंची २८, बस-ट्रकची सुमारे १८ आणि सायकलींची १२. एकूण ६०३ कार-एकके झाली.

तिसरी पायरी : आपल्यामुळे येणारी वाहने

हा आकडा अंदाजाने काढू नये. सध्याच्या चिकित्सालयाच्या दारात सात दिवस वही ठेवावी. रुग्ण कोणत्या वाहनाने आला, सोबत कोण होते, किती वाजता आला आणि किती वाजता गेला, एवढ्या चार नोंदी पुरतात. कर्मचारी, औषधांचा टेम्पो, कंपन्यांचे प्रतिनिधी आणि आंतररुग्णांना भेटण्यास येणारे नातेवाईक यांनाही वहीत जागा द्यावी. रुग्ण कोणत्या दिशेने येतील हे केसपेपरवरील पत्त्यांवरून समजते. त्यासाठी मागील तीन महिन्यांचे कागद चाळावेत.

एका भेटीच्या दोन फेऱ्या होतात, येण्याची व जाण्याची. रिक्षाच्या बाबतीत हिशेब अधिक अवघड आहे. रुग्णाला सोडून रिक्षा रिकामी जाते आणि नेण्यासाठी दुसरी रिकामी येते. म्हणजे एका भेटीच्या चार फेऱ्या होतात.

आपल्या उदाहरणात त्याच तासात बाह्यरुग्ण विभागात १८ जण येतात असे समजू : १० दुचाकीने, ५ रिक्षाने, ३ कारने. बाहेर पडणारे १२ : ७ दुचाकीने, ३ रिक्षाने, २ कारने. पंचकर्मासाठी ६ येतात : ४ कारने, २ रिक्षाने. आधीच्या तुकडीतील ४ जातात : ३ कारने, १ रिक्षाने. म्हणजे दुचाकीच्या १७ फेऱ्या, कारच्या १२, आणि रिक्षांच्या (११ रुग्णांसाठी प्रत्येकी दोन) २२. कार-एककांत हे अनुक्रमे सुमारे १३, १२ आणि ४४ होतात. एकूण भर ६९. यातील जवळजवळ दोन-तृतीयांश भार रिक्षांचा आहे, हे कारवाल्या रुग्णांकडेच बोट दाखविणाऱ्या आपल्या नेहमीच्या समजुतीला धक्का देणारे आहे.

चौथी पायरी : उभ्या वाहनांचे गणित

आयुर्वेदीय चिकित्सालय इतर दवाखान्यांहून वेगळे ठरते ते येथे. त्यामुळे इतरांचे आकडे आपल्याला जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत.

सूत्र सोपे आहे. तासाला येणारी वाहने गुणिले प्रत्येकाचा मुक्काम तासांत, म्हणजे एका वेळी उभी असणारी वाहने. बाह्यरुग्णाचा मुक्काम नोंदणी, परीक्षण व औषध मिळून एक तास धरला तर तासाला ३ कार येत असताना ३ कार उभ्या राहतील. स्नेहन, स्वेदन, मुख्य उपक्रम व विश्रांती मिळून पंचकर्माचा मुक्काम अडीच तास धरला तर तासाला ४ कार येत असताना १० कार उभ्या राहतील. रुग्णसंख्येत बाह्यरुग्ण तिप्पट आहेत, वाहनतळाची गरज मात्र पंचकर्माची तिपटीहून अधिक आहे. कर्मचाऱ्यांच्या ४ धरून एकूण १७ कार झाल्या. एका कारला अडीच गुणिले पाच मीटर जागा लागते. वळण्या-फिरण्याची वाट धरून ती साधारण दुप्पट, म्हणजे २५ चौरस मीटर होते. १७ कारसाठी सुमारे ४२५ चौरस मीटर झाले. दुचाकींची जागा वेगळी.

येथे आपल्या शास्त्राचा एक निर्देश लक्षात घ्यावा लागतो. सिद्धिस्थानात पंचकर्माच्या काळात टाळावयाच्या अष्ट महादोषकर भावांत रथक्षोभ, म्हणजे वाहनाचे धक्के, आणि अतिचंक्रमण, म्हणजे अति चालणे, या दोहोंची गणना केली आहे. म्हणून शोधन झालेल्या रुग्णास स्वतः वाहन चालवीत जाण्यास आपण मना करतो, आणि दूरच्या वाहनतळापर्यंत चालत जा असेही सांगू शकत नाही. सोबत नातेवाईक येतो आणि गाडी घेऊन थांबून राहतो. यातून नियोजनाचे एक सूत्र निघते : रुग्ण दारात उतरावा, वाहन मात्र दारात थांबू नये. दाराशी दोन वाहनांपुरती उतरण्याची जागा मोकळी ठेवावी, आणि सोबत्याने वाहन लांब नेऊन बोलाविल्यावर आणावे.

परिणामाचा निष्कर्ष

आता या सर्व आकड्यांची सांगड घालू. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शिकेत दुपदरी दुतर्फा रस्त्यासाठी तासाला तीन मर्यादा दिल्या आहेत. कडेला घरादारांची प्रवेशद्वारे नसलेल्या व वाहने उभी राहत नसलेल्या रस्त्यासाठी १५००. प्रवेशद्वारे आहेत पण वाहने उभी राहत नाहीत अशासाठी १२००. प्रवेशद्वारे, उभी वाहने व मोठी आडवी वाहतूक हे सर्व असलेल्यासाठी ९००. या रस्त्याच्या अखेरच्या क्षमता नव्हेत, वाहतूक सुसह्य रीतीने चालण्याच्या मर्यादा आहेत. पदर तितकेच असूनही निव्वळ कडेच्या वर्तनामुळे मर्यादा १५०० वरून ९०० पर्यंत खाली येते, ही गोष्ट वैद्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावी.

आपला नमुन्याचा रस्ता आज दुसऱ्या प्रकारचा आहे असे धरू. सध्याची वाहतूक ६०३, मर्यादा १२००, म्हणजे ५० टक्के. आपली ६९ ची भर घातल्यावर ६७२, म्हणजे ५६ टक्के. येथेच थांबलो तर परिणाम नगण्य असा अहवाल लिहून मोकळे होता येईल. परंतु आवारात जागा नसल्याने पंचकर्माच्या १० कार कडेला उभ्या राहिल्या, तर त्या सुमारे ६० मीटर लांबीची कड व्यापतील आणि तेवढ्या टप्प्यात रस्ता तिसऱ्या प्रकारात मोडेल. तेथे मर्यादा ९०० आणि वाहतूक ६७२, म्हणजे ७५ टक्के. एकूण २५ टक्क्यांच्या वाढीपैकी फिरत्या वाहनांचा वाटा केवळ ६ आणि उभ्या वाहनांचा १९ आहे. हे गणित ढोबळ आहे. पण त्याचा रोख निःसंदिग्ध आहे. आपले रुग्ण रस्त्यावरून जातात तेव्हा रस्त्याला फारसे दुखत नाही, ते रस्त्यावर थांबतात तेव्हा दुखते.

स्रोतोदुष्टीचे चार प्रकार आपण जाणतो : अतिप्रवृत्ती, संग, सिराग्रंथी आणि विमार्गगमन. वाहनांची संख्या वाढणे ही अतिप्रवृत्ती, कडेच्या वाहनांमुळे मार्ग आकुंचित होणे ही ग्रंथी, वाहतूक खोळंबणे हा संग, आणि कंटाळलेल्या दुचाकीस्वारांनी शेजारच्या बोळातून वाट काढणे हे विमार्गगमन. व्याधीचे मूळ ग्रंथीत असताना उपचार अतिप्रवृत्तीवर केला तर गुण येत नाही. रुग्णसंख्या कमी करण्याची आवश्यकता नसते. मुक्कामाची जागा व वेळ बदलावी लागते.

तुलना नेहमी दोन चित्रांची करावी : आपण आलो नाही तर पाच वर्षांनी रस्ता कसा असेल, आणि आलो तर कसा असेल. गावातील वाहने एरवीही वाढतच असतात. त्या वाढीचा दोष आपण पत्करू नये, आणि आपला वाटा त्या वाढीत लपवूही नये.

पुष्य नक्षत्राचा दिवस

सरासरी दिवस हा चिकित्सालयाचा खरा दिवस नव्हे. सुमारे २७ दिवसांनी येणारे पुष्य नक्षत्र, वसंतातील वमन, वर्षाऋतूतील बस्ती व शरदातील विरेचन यांच्या काळात संख्या उसळते. मूल्यमापन त्या दिवसांचेही व्हावे. समजा, सुवर्णप्राशनासाठी सायंकाळी एकाच तासात १२० वाहने आली आणि रांगेमुळे प्रत्येक अर्धा तास थांबले, तर एका वेळी ६० वाहने उभी असतील. तीच १२० वाहने सहा तासांत विभागली, तर तासाला २० येतील. रांग नसल्याने मुक्काम १५ मिनिटांवर येईल, आणि एका वेळी केवळ ५ वाहने उभी असतील. बालके तितकीच, औषध तेच, नक्षत्रही तेच. साठाचे पाच होतात ते केवळ वेळ वाटून दिल्याने.

औषधी दुकानदार व फार्मसीचालकांसाठी

चिकित्सालयाला लागून असलेल्या दुकानाचे गणितही याच सूत्राने करता येते. तासाला ३० ग्राहक आणि प्रत्येकी ६ मिनिटे मुक्काम, म्हणजे एका वेळी ३ वाहने. ही संख्या अल्प दिसते. पण ही वाहने बहुधा दारासमोर, चालू इंजिनाने आणि तिरपी उभी असतात. दुचाकींसाठी दुकानाच्या बाजूला पट्टे आखून द्यावेत, दारासमोरची जागा मोकळी ठेवावी. आसव-अरिष्टांची खोकी आणणारा टेम्पो सकाळच्या गर्दीत उभा राहिला तर अर्धा तास रस्ता अडतो. घाऊक विक्रेत्यास दुपारी २ ते ४ ही वेळ लेखी कळवावी. काष्ठौषधी, गूळ व कोळसा यांचे ट्रक मागविणाऱ्या फार्मसीने ट्रक आवारात पूर्ण आत येऊन वळू शकतो काय, हे बांधकामापूर्वीच पाहावे. मागे येत रस्त्यावर बाहेर पडणारा ट्रक शाळकरी मुलांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा.

मोठ्या संस्थांचे उदाहरण

जागेच्या निवडीने वाहतुकीचे स्वरूप कसे बदलते हे पाहण्यास अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेची दोन केंद्रे उपयोगी आहेत. दिल्लीतील सरिता विहार येथील केंद्राचे उद्घाटन १७ ऑक्टोबर २०१७ रोजी झाले. त्याच्या जवळच मेट्रोचे स्थानक आहे, त्यामुळे रुग्णाला वाहनाशिवाय पोहोचण्याचा पर्याय प्रथमपासूनच होता. गोव्यात पेडणे तालुक्यातील धारगळ येथील केंद्राचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, आणि त्याच दिवशी मोपा येथील विमानतळाचेही. हा परिसर राष्ट्रीय महामार्ग ६६ वर आहे. महामार्गालगतच्या अशा कोणत्याही संस्थेच्या बाबतीत प्रश्न बदलतात. वाहनतळाला जागा मिळते. पण पलीकडच्या बाजूने येणारा रुग्ण महामार्ग कोठे ओलांडणार, बसमधून उतरलेली वृद्ध स्त्री दारापर्यंत कशी येणार, वेगाने येणाऱ्या वाहनाला आत वळणारी रिक्षा किती अंतरावरून दिसणार, हे प्रश्न अग्रस्थानी येतात. शहरात वाहन कोठे थांबेल हे पाहावे लागते, महामार्गावर ते कोठे वळेल हे पाहावे लागते. आपल्यापैकी अनेकजण आता गावाबाहेर, हमरस्त्याला लागून जागा घेत आहेत. त्यांनी हा भेद विसरू नये.

चिकित्सा

मूल्यमापनानंतर जे उपाय मी योजले, ते खर्चिक नाहीत. वमन-विरेचनाच्या रुग्णांना सकाळी ७ ची वेळ दिली. ती शास्त्रालाही धरून आहे आणि शाळेच्या गर्दीपूर्वीची आहे. अनुवासन व मात्राबस्ती भोजनोत्तर असल्याने दुपारकडे नेले. बाह्यरुग्णांना वेळ ठरवून बोलाविणे सुरू केले. गल्लीच्या तोंडाशी चार रिक्षांचा थांबा असावा म्हणून रिक्षाचालकांशी बोललो. आलेली रिक्षाच जाणाऱ्या रुग्णाला घेऊन जाऊ लागली की रिकाम्या फेऱ्या घटतात. वरील उदाहरणात २२ फेऱ्यांच्या १४ होतील, म्हणजे १६ कार-एकके वाचतील.

पुष्य नक्षत्राच्या दिवसासाठी जवळच्या मंगल कार्यालयाचे आवार भाड्याने घेतो. हे नक्षत्र विवाहास वर्ज्य मानले जात असल्याने ते त्या दिवशी बहुधा रिकामेच असते. सुवर्णप्राशन आता सकाळी ७ पासून तासातासाच्या गटांत होते. एक मदतनीस केवळ गल्लीवर लक्ष ठेवतो, आणि १०८ ची रुग्णवाहिका आली तर कोणती वाहने कोठे हलवायची हे त्याला पाठ आहे. दर सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा मोजणी करतो. पश्चात्कर्म चुकले की शोधनाचे फळ जाते, तसेच येथेही आहे.

या सर्वांपूर्वी एक काम करावे असे माझे प्रामाणिक मत आहे. बांधकामाचा नकाशा नगरपालिकेत देण्यापूर्वी तो गल्लीतील शेजाऱ्यांना दाखवावा. रस्त्याचे पूर्वरूप त्यांना आपल्याहून अधिक ठाऊक असते. मी तो दाखविला नाही, त्याचे मोल दुसऱ्या कोणी तरी दिले.

त्या वृद्ध गृहस्थांना त्यांच्या मुलाने पुढे बस्ती-चिकित्सेसाठी माझ्याकडेच आणले. गल्लीच्या टोकाचे घर ते माझे दार एवढे अंतर ते प्रथम रिक्षाने, मग काठीच्या आधाराने, आणि काही महिन्यांनी नुसत्या मुलाच्या हाताला धरून येऊ लागले. वाटेत उभी वाहने असली तर त्यांना रस्त्याच्या मधून चालावे लागते. म्हणून ते येण्याच्या वेळी मी अजूनही बाहेर डोकावून पाहतो.